उष्टं, सोवळं आणि पोटातला जंतू

डोंबिवलीला सकाळच्या फास्ट लोकलमध्ये कसंबसं शिरलेल्या माणसाचं तोंड मुंब्रा मागे पडेपर्यंत कुणाच्या तरी कानाला भिडलेलं असतं. त्याच्या तोंडाला वास येत असेल, तर शेजारचा मान वळवतो, खिशातली लवंग चघळू लागतो आणि मनातल्या मनात निकालही देऊन टाकतो: दात घासत नसणार, नाहीतर खाण्यापिण्याला धरबंध नसणार.

म्हणजे वासावरून थेट चारित्र्य!

पण धर्मांचंच यावर एकमत नाही. पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांत शौच, म्हणजे शुद्धता, पहिलं येतं. दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांत मात्र दात न घासणं हेच व्रत आहे. आणि मुंब्र्यात रमजानचे रोजे धरणारे ज्या हदीसवर श्रद्धा ठेवतात, तिच्यानुसार उपाशी माणसाच्या तोंडाचा वास अल्लाला कस्तुरीहून प्रिय असतो.

वैद्यकाचा हिशेब वेगळा. बहुतेकदा वासाचं मूळ तोंडातच असतं, जिभेवरच्या थरात नाहीतर सुजलेल्या हिरड्यांत. काही वेळा संशय जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीवर जातो. हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आडोशाने आम्लात तग धरतो. या जंतूमुळे जठराला सूज येते, हे दाखवायला ऑस्ट्रेलियाचे डॉ. बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतःच पिऊन टाकला. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तोंडालाही घाण वास येऊ लागला. 2005 मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं.

गंमत पुढेच आहे. हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात लागतो, अनेकदा आईकडून. सोवळ्यात उष्ट्याला मनाई, आणि शबरीच्या उष्ट्या बोरांना रामकथेत केवढा मान! घास चावून मऊ करून बाळाला भरवणारी आई या दोहोंपैकी कुठे बसवायची? जंतू पोटात आला तेव्हा ज्याला बोलताही येत नव्हतं, त्याला चाळिशीत अशुचि ठरवणारं शास्त्र निदान अपुरं तरी आहे.

लंघनाने किंवा एकादशीने हा पाहुणा जात नाही. युरियाचं द्रावण पिऊन पिशवीत फुंकर मारायची, तपासणीत जंतू सापडला तर डॉक्टर बहुधा 14 दिवसांची अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी गोळी देतात. मात्र नुसताच वास असेल, तर आधी दाताच्या डॉक्टरकडे जावं. पोटाचा नंबर त्यानंतर.