उमेद विकावी का?

वैद्यकातला एखादा नवा शोध कानावर आला की आपल्या समाजात पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे जायज आहे की नाही? रक्तदान, नेत्रदान, टेस्ट ट्यूब बेबी या सगळ्यांच्या वेळी हेच झाले. आता पाळी मूळ पेशींची आणि औषध वाहून नेणाऱ्या नॅनो कणांची आहे. प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही. पण या बाबतीत त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळालेले आहे आणि त्याहून अवघड असा दुसरा प्रश्न आपण विचारतच नाही, असे मला वाटते.

आधी विषय समजून घेऊ. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी 1817 साली ज्या आजाराचे वर्णन केले, त्याला आपल्याकडे कंपवात म्हणतात; युनानी हकीम कापऱ्या हाताला रअशा म्हणत आले. यात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरू लागतो तोवर त्यातल्या निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात. अल्झायमरमध्ये पेशींबरोबर आठवणी जातात. कातडीची जखम भरून येते, तशी या पेशींची भरपाई शरीर करत नाही.

मग बाहेरून डोपामिन का देत नाहीत? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर आहे. जुन्या जकात नाक्यासारखा तो प्रत्येक मालाची तपासणी करतो आणि बहुतेक औषधे परत पाठवतो. डोपामिनही अडते, पण त्याचे आधीचे रूप असलेले लेवोडोपा आत जाते आणि तिथे त्याचे डोपामिन होते. आपल्या रानात अंगाला लागली की आग आग करणारी खाजकुइली असते, तिच्या बियांत हेच लेवोडोपा असते. हकीम त्यांना तुख्म-ए-कौंच म्हणतात. (म्हणून कुणी ती घरी कुटून खाऊ नये, मात्रा चुकली तर अपाय होतो.) मात्र लेवोडोपा मरणाऱ्या पेशी वाचवत नाही. नॅनो वाहकांचा विचार इथून येतो. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. अशा मापाच्या चरबीच्या किंवा अन्य पदार्थाच्या कणात औषध भरून ते नाक्यापलीकडे पोचवायचे. चरबीच्या अशाच कणांनी कोरोनाच्या काही लशी पेशींपर्यंत नेल्या. मेंदूच्या झिजेच्या आजारांत मात्र हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे.

मूळ पेशींची वाट वेगळी. ज्या पेशीपासून शरीरातल्या इतर पेशी घडतात ती मूळ पेशी. ती बाहेर वाढवून, मेंदूच्या पेशीचे रूप देऊन, आत सोडायची. जपानमधल्या क्योतो विद्यापीठात 2018 पासून पार्किन्सनच्या सात रुग्णांवर असा प्रयोग झाला. एप्रिल 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांत कुणाला गंभीर अपाय झाला नाही आणि तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचालीत सुधारणा दिसली. माणसे सातच आहेत, पण दिवा लागला आहे.

आता जायज-नाजायजचा प्रश्न. वाद होता तो भ्रूणातून घेतलेल्या पेशींचा. यात मुंबईही होती. ऑगस्ट 2001 मध्ये अमेरिकेने संशोधनाला पात्र ठरवलेल्या भ्रूणपेशींच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या पेशी होत्या. डिसेंबर 2003 मध्ये मक्केच्या फिकह परिषदेने टेस्ट ट्यूब उपचारातून उरलेल्या भ्रूणांच्या पेशी, आईबापांच्या संमतीने, उपचार व संशोधनासाठी घ्यायला परवानगी दिली. त्यासाठी मुद्दाम गर्भपात करायला मनाई केली. पुढे 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या कातडीच्या पेशीलाच मूळ पेशीसारखे रूप दिले, 2007 मध्ये माणसाच्या. त्यांना 2012 चे नोबेल मिळाले. क्योतोच्या प्रयोगात अशाच, भ्रूणाशिवाय घडवलेल्या पेशी होत्या.

म्हणजे पेशी कुठून आली, यावर पुष्कळ बोलून झाले. पण ती विकते कोण आणि काय सांगून विकते?

आमच्या हातकणंगलेत एका विद्यार्थिनीच्या दादांना हा आजार आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्या आणि व्यायाम सांगितला, आजार मुळापासून जाणार नाही हेही सांगितले. मग घरात एक जाहिरात आली : मूळ पेशींनी खात्रीशीर सुधारणा. रक्कम काही लाखांची. मुलीचे वडील इचलकरंजीतले दोन माग विकायला निघाले. मला म्हणाले, "सर, माग परत घेता येतील, अब्बा परत मिळणार नाहीत."

या वाक्याला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट होते की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी केलेले रोपण सोडले तर मूळ पेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. उपचार म्हणून त्या विकू नयेत. मग ही जाहिरात कसला माल विकत होती?

आपल्या फिकहमध्ये याला एक नाव आहे : गरर. पाण्यातला मासा पकडण्याआधी विकू नये, आकाशातला पक्षी विकू नये. जे हाती नाही, त्याचे पैसे घेऊ नयेत. व्याजाबद्दल आपण जेवढे सावध असतो, तेवढे या नियमाबद्दल नसतो. मरणाऱ्या पेशीच्या जागी नवी पेशी रुजेल, हा आजचा पाण्यातला मासा आहे. तो विकणारा दाढीवाला हकीम असो वा पांढऱ्या कोटातला डॉक्टर, सौदा तोच.

कुणी म्हणेल, माणूस मरणाच्या दारात आहे, करून बघू द्या. गमावण्यासारखे उरलेच काय? पुष्कळ उरलेले असते. घरचे माग असतात, नातीचे शिक्षण असते, इंजेक्शनच्या नादात बंद पडणाऱ्या गोळ्या असतात. आणि अल्झायमरच्या रुग्णाला तर स्वतःची संमतीही देता येत नाही. त्याच्या वतीने मुलगा सही करतो. ती सही अमानत आहे. मुलाच्या घाबरलेल्या मनाने ती खर्चून टाकायची नाही.

याचा अर्थ प्रयोगच नकोत असा नाही. पहिल्यांदा कुणी तरी पाण्यात उतरल्याशिवाय खोली कळत नाही. क्योतोचे सात जण असेच उतरले. पण चाचणीत भाग घेणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. तो पुढच्या रुग्णांना काही देत असतो. त्याच्याकडून उलट पैसे घ्यायचे नसतात. म्हणून अशी जाहिरात समोर आली तर तीन गोष्टी विचाराव्यात : हा उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, जिथे 2009 पासून नोंद सक्तीची आहे, तिचा क्रमांक काय? आणि आमच्याकडून पैसे कशाचे?

तवक्कुल म्हणजे डोळे मिटून पैसे मोजणे नव्हे. इलाज शोधणे आपले काम, शिफा देणे अल्लाहचे. या दोहोंच्या मध्ये बसून शिफाची पावती फाडण्याचा हक्क कुणालाही दिलेला नाही. आजाऱ्याला उमेद जरूर द्यावी. त्याच्याशेजारी बसून, त्याचा थरथरता हात हातात घेऊन द्यावी. पण ती फुकट द्यावी.