पडदा सरकवणारे हात

सतारीचा पडदा रागाप्रमाणे वर-खाली सरकवतात. हा 'पडदा' शब्द आपल्याकडे फारसीतून आला. इराणी सेतारवर त्याला आजही 'पर्दे'च म्हणतात. फक्त तिथे पितळेच्या कांबीऐवजी दांडीभोवती गाठ मारून बांधलेली तात असते. जुन्या युरोपीय ल्यूटचे पडदेही असेच, तातीचे आणि सरकणारे. या वाद्याचे नावही अरबी 'ऊद'वरूनच पडले.

त्यामुळे इराणी आणि जुने युरोपीय संगीत एकाच मंचावर आले, की 'मूळ एकच' असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो मोह घातक वाटतो. सेगाह या दस्तगाहचा, म्हणजे इराणी स्वरव्यवस्थेचा, मुख्य सूरच 'कोरोन' असतो. षड्जापासून मोजला, तर तो कोमल आणि शुद्ध गांधारांच्या मधोमध कुठेतरी पडतो. युरोपीय हार्पसिकॉर्ड मैफलीआधीच लावून ठेवलेला असतो; त्याच्या पट्ट्यांवर हा सूर सापडत नाही. त्यावर शुद्ध गांधाराचा स्वरमेळ वाजवला, तर कोरोन बेसूर भासतो. दोष मात्र कोरोनचा नसतो.

मग भेट व्हावी कुठे? सतराव्या शतकातल्या पासाकाल्या या युरोपीय रचनाप्रकारात खर्जाची एक छोटी ओळ पुन्हापुन्हा फिरते आणि वादक तिच्यावर विस्तार करतो. इराणी चहारमेज्राबमध्येही एक पाया असाच घुमत राहतो. तबल्याला लेहऱ्याची साथ ऐकलेल्या कानांना हे लगेच उमगेल. माँट्रियलमध्ये सेतारवादक कीया तबस्सियान यांचा 'कॉन्स्टॅन्टिनोपल' समूह अशा वाटा शोधत आला आहे.

या संदर्भात मला पिएत्रो देल्ला वाल्ले आठवतो. हा संगीतज्ञ रोमन प्रवासी १६१७ मध्ये इराणात पोहोचला, इस्फहानात राहिला, १६२३ मध्ये सुरतेहून गोव्याला आला. रोमला परतल्यावर त्याने एकाहून अधिक स्वरव्यवस्था वाजवता येतील अशी वाद्ये घडवून घेतली. त्यामागची ओढ प्राचीन ग्रीक संगीताची होती. तरीही आपल्या कानाला सवयीचे तेवढेच सूर, असे न मानण्याचे धाडस त्यात आहे.

तेच धाडस या मैफलींना हवे. इराणी सुरांचा नुसता वर्ख लावलेला युरोपीय स्वरमेळ म्हणजे मीलन नव्हे. कोरोन लागताच हार्पसिकॉर्डवादकाने हात उचलावा, ल्यूटवादकाने तातीची गाठ तसूभर सरकवावी आणि सेतारला पूर्ण जागा द्यावी. पुढे पासाकाल्याचा खर्ज सुरू झाला, की सेतारनेही तेवढ्याच आदराने त्याच्या फेऱ्यात यावे. आपला पडदा जो हलवू शकतो, त्यालाच दुसऱ्याचा सूर खरा ऐकू येतो.