अक्कल खुंटीला टांगली होतीस का?

"सर, ऊन पडलं होतं. पाणी वाढेल असं वाटलंच नाही." हे तू मला सांगतोस? नीरेकाठी वाढलेला कळंबचा पोरगा? वीर धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला की रात्री-अपरात्री चिखलात उतरून मोटार वर ओढणारा तूच ना? तेव्हा कळंबला थेंब तरी पडलेला असतो का? इकडं कोरडं ठाक आणि नदी दुथडी, हे लहानपणापासून बघतोयस. मग भीमाशंकरजवळच्या कोंढवळच्या धबधब्याखाली उभा राहताना अक्कल घरी खुंटीला टांगून गेला होतास? वर डोंगरात सर कोसळली की लोंढा खाली यायला कितीसा वेळ लागतो? पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, आवाज बदलला की बाहेर पडायचं. तुला कळतं हे. तरी पाचच मिनिटं, एकच रील!

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लहान लेकरं होती. तो व्हिडिओ मला तूच पाठवलास. बघितलंस, हळहळलास, विसरलास.

बरं, त्या दिवशी भीमाशंकरला निघालास कधी? नऊला! पुणं गाठायलाच तीन तास, पुढं मंचर, घोडेगाव, रविवारच्या गाड्यांची रांग. नागफणीला पोचेस्तोवर पाच वाजले. धुक्यात कडा कुठं संपतो ते दिसत नव्हतं, तरी पुढं सरकलास. का? तर "एवढ्या लांबून आलोय." पाय घसरल्यावर दरीला हेच सांगणार होतास? पाचट कापतं म्हणून उसात बूट घालून शिरतोस आणि शेवाळलेल्या कातळावर स्लीपर?

आता म्हणे पुढच्या खेपेला खांडसहून शिडी घाटानं चढणार. भर पावसात! लोखंडी शिड्या, निसरडा दगड, बाजूला खोल दरी. गणेश घाट लांब पडतो म्हणून नको. लांब पडतो? रात्र-रात्र दारं धरतोस, तेव्हा कंटाळा कुठं जातो?

जाऊ नको म्हणत नाही मी. जा. १९८५ पासून अभयारण्य म्हणून राखलेलं जंगल आहे ते. शेकरू बघ. भीमा उगवते ती जागा बघ. हीच भीमा खाली नरसिंहपूरला आपल्या नीरेला भेटते. पण आदल्या रात्री खांडसला मुक्काम कर, उजाडताच चढ, अंधाराआधी उतर. गावातला वाटाड्या घे, त्याच्या पैशात घासाघीस करू नको. वनखात्यानं बंद केलेल्या वाटेला फिरकू नको. कुठल्या वाटेनं जाणार, कधी परतणार, ते आईला सांगून जा. त्या रात्री तुझा फोन लागेना, म्हणून ती अकरापर्यंत माझ्या ओट्यावर बसून होती. काय सांगणार होतो मी तिला?

आणि ते रील आजच्या आज काढून टाक. आठवीतली दोन पोरं ते बघून मला धबधब्याची वाट विचारत होती.