नरक्याचा वाटा

काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा आम्ही मालवणहून गोव्याला फेऱ्या मारायचो. सलाईनमधून चढणाऱ्या औषधाचं नाव होतं इरिनोटेकान. मी मोबाईलवर शोधलं आणि त्यांना सांगितलं, "हे ज्या रसायनापासून बनवतात, ते आपल्या आंबोलीकडच्या नरक्यातही असतं."

काका हसले. "म्हणजे आंबोलीचा झाड माझ्या शिरेत चढता म्हण! मग आंबोलीक काय गावला?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

हे औषध एकट्या कुणाचं नाही. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच नरक्यात सापडलं. मूळ रसायन रुग्णांना सोसेना. त्याचं वापरता येईल असं रूप घडवलं जपानच्या याकुल्टने. हो, छोट्या बाटलीतलं पेय विकणारी तीच कंपनी! इतर कंपन्यांशी करार करून ते जपानबाहेर पोचलं, १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. पुढे २००३ साली हेन्री चेस्ब्रो यांनी अशा पद्धतीला 'ओपन इनोव्हेशन' हे नाव दिलं. सगळी हुशारी आपल्याच इमारतीत नसते, तेव्हा दारं उघडा, असा त्याचा अर्थ.

पण या उघड्या दारातून जंगल आत येतं ते कच्चा माल म्हणून.

हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, कारण जखमेवर हळद लावणं आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. नरक्याबद्दल तसं म्हणता येत नाही. त्याचा हा गुण प्रयोगशाळेनेच शोधला. खोटा दावा करून वाटा मागू नये.

मग हक्क कसला? आमच्याकडे रापणीत दोर ओढणाऱ्यांना वाटा असतो, तसाच होडी-जाळ्यालाही. जाळ्याला मासे कुठे आहेत ते ठाऊक नसतं, पण त्याच्याशिवाय रापण होत नाही. नरक्याची मागणी वाढली तशी चोरटी तोड सुरू झाली. तोडणाऱ्याला निदान मजुरी मिळते, न तोडणाऱ्याला काहीच नाही. झाड राखणं हेही कामच आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्यात स्थानिकांना लाभाचा वाटा आहे, गावाची समिती आहे. तरी मला 'लाभार्थी' हा शब्द खटकतो. लाभार्थ्याला नंतर देतात, भागीदाराला आधी विचारतात.

आणि विचारायचं तर नकार ऐकायची तयारी हवी. काका खाटेवर असताना ती माझ्यात नव्हती. तेव्हा आंबोलीने नाही म्हटलं असतं, तर मी आंबोलीशीच भांडले असते. म्हणूनच हे विचारणं माझ्यासारख्या घाबरलेल्या नातेवाइकावर सोडू नये. पहिली फांदी तोडण्याआधीच ते व्हायला हवं.