टॉर्चचा पॉझिटिव्ह

शिरूरला काय नि दौंडला काय, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पोट पडलं की पिशवी साफ करून बाई घरी येते आणि चौकशी सुरू होते. पपई खाल्लीस का? रांजणगावला कंपनीच्या बसने जाऊ नको म्हटलं होतं ना? मग कुणीतरी म्हणतं, सगळ्या टेस्ट करून टाका. माझी तक्रार अशी, की टेस्टही त्याच चौकशीत जमा होते.

सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निदान निम्म्यांत गुणसूत्रांचीच गडबड असते, बहुधा निव्वळ योगायोगाने झालेली. म्हणून एकदाच असं घडलं, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तगट यापलीकडे सहसा जावं लागत नाही. (रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनचं मात्र 72 तासांच्या आत विचारावं.)

तरी चिठ्ठीवर टॉर्च, म्हणजे रुबेला वगैरे संसर्गांची रक्ततपासणी, येतेच. तिच्यातला आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) पॉझिटिव्ह म्हणजे तो संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला, एवढंच. रुबेलाचा असेल तर उलट चांगलं, अंगात संरक्षण आहे. घरी मात्र ठळक अक्षरांतलं ‘पॉझिटिव्ह’ तेवढं वाचलं जातं आणि सुनेत दोष निघतो. वारंवार गर्भपात होणाऱ्यांच्या तपासणीतही टॉर्चचा उपयोग नाही, हे ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने केव्हाच सांगितलंय.

पुन्हा पुन्हा घडत असेल तर गोष्ट वेगळी. तीनदा होईपर्यंत थांबू नका, असं 2021 मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या लेखमालेने सुचवलं. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करायची. दोष सापडला तर ॲस्पिरिन-हेपॅरिनचा उपाय आहे. पेशी वाढवून गुणसूत्रं पाहायची तर पडलेल्या गर्भाचा अंश सलाइनमध्ये पुण्याच्या लॅबला जायला हवा. सवयीने तो फॉर्मालिनच्या बाटलीत पडला की पेशी मेल्या, तपासणी संपली. आणि गरज पडली तर नवऱ्याचंही रक्त द्यावं लागतं, हे ऐकल्यावर घरातला टेस्टचा उत्साह पुष्कळ ओसरतो.

पपईचा दोष नाही हे मी ठामपणे म्हणेन, पण उसाच्या मोळ्या उचलण्याबद्दल तितकं ठाम बोलणार नाही. अवजड ओझी आणि लांबलेले कामाचे तास यांनी धोका थोडा वाढतो, असं अभ्यासांत दिसतं. दौंडच्या फडांत तोडीला आलेले नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. खाडा झाला की मुकादम दंड उचलीत, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांत, चढवतो. कारखान्यात कामाला असलेल्या बाईला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली. फडातल्या बाईला डॉक्टरांनी टॉर्चऐवजी आधी विश्रांतीचा दाखला लिहून द्यावा. मुकादम तो मानेल का, हे भांडण पुढचं.