पाण्याचें मोल

जें आकाशांतून पडतें त्याचे पैसे कसले, असा प्रश्न करणारा मनुष्य मूर्खच असतो असें नाहीं. तहानलेल्याला पाणी विकणें हें आपल्या लोकांनीं कधींच पुण्यकर्म मानलेलें नाहीं; पाणपोई घालणाराची आठवण मात्र गांव पिढ्यान् पिढ्या ठेवीत आला आहे. म्हणून पाणीपट्टी वाढली म्हणजे आपणांस जो राग येतो तो केवळ खिशाचा नसतो. आपला कांहीं नैसर्गिक हक्क हिरावला जात आहे, ही भावना त्याच्या मुळाशीं असते. ती कितपत खरी आहे, याचा विचार मुंबईच्या पाणीपट्टीच्या निमित्तानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें येऊं लागेपर्यंत मुंबई विहिरींवर व तळ्यांवर जगत होती. पुढें तुळशी, १८९२ मध्यें तानसा, आणि स्वातंत्र्यानंतर मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा व २०१४ मध्यें मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज या सात जलाशयांतून दररोज सुमारें ३८५ कोटि लिटर पाणी शहराला मिळतें. वैतरणा-तानसाचें पाणी उतारानें वाहत भांडुपला येतें. भातसाचें मात्र पिसे येथें पंपांनीं उचलावें लागतें. मग गाळणें, क्लोरीन घालणें, टेकड्यांवरच्या टाक्यांत चढविणें. पाऊस निसर्गाचा खरा. परंतु धरणापासून तोटीपर्यंतची वाट माणसाच्या श्रमाची आहे.

पट्टी या वाटेची असते. पाणी मीटरवर मोजतात व हजार लिटरांस दर लावतात. २०२२ सालीं इमारतींतील घरांना तो साडेसहा रुपयांच्या किंचित् आंत होता. वापरलेलें पाणी वाहून नेण्याचा व शुद्ध करण्याचा मलनिःसारण आकार त्या रकमेच्या शेंकडा ७० धरतात. पांच माणसांच्या घरानें दर माणशीं रोज १५० लिटर वापरलें, तर महिन्याचे साडेबावीस हजार लिटर होतात, आणि दोन्ही आकार मिळून रक्कम अडीचशें रुपयांच्या आंत राहते. बाटलींतल्या एका लिटराला निमूटपणें वीस रुपये मोजणारे आपण या रकमेवर कुरकुरतों!

पट्टी वाढते तीहि अकारण नव्हे. नोकरवर्गाचे पगार, पंपांची वीज, राज्यसरकारच्या धरणांतून घेतलेल्या पाण्याचें मूल्य, जुन्या नळांची दुरुस्ती, हे खर्च वाढतात. म्हणून प्रतिवर्षीं शेंकडा ८ पर्यंत वाढ करण्याचें धोरण २०१२ मध्यें ठरलें; २०२२ सालची वाढ शेंकडा ७.१२ होती. समुद्रांत मैला अर्धवट शुद्ध करून सोडूं नये असें वाटत असेल, तर त्याचाहि खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे. खर्च वाढला असतां पट्टी वाढावी, यांत आम्हांस अनीति दिसत नाहीं. खरा नैतिक प्रश्न निराळा आहे: तो भार कोणावर पडतो?

महानगरपालिकेच्या नियमांत यासंबंधीं एक सुंदर तत्त्व आहे. दर माणशीं दीडशें लिटरांपर्यंत साधा दर. त्यापुढें दोनशेंपर्यंत दुप्पट, अडीचशेंपर्यंत तिप्पट, आणि त्याहून अधिक वापरास चौपट. म्हणजे गरज आणि चैन यांत भेद केला आहे. परंतु हा भेद इमारतीच्या फाटकाशीं येऊन थांबतो. कारण मीटर साऱ्या इमारतीचा एक असतो. आंत वांटणी होते ती गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींप्रमाणें, घरांतील नळांच्या संख्येवर व आकारावर. एकाच्या उधळपट्टीचा चौपट दर दुसऱ्याच्या काटकसरीलाहि भरावा लागतो.

आम्ही संस्थेचे अध्यक्ष असतांना आमच्या इमारतींत एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनीं आम्हांस जिन्यांत थांबवून विचारलें, "सर, माझ्या दिवसाच्या चार बादल्या. तुमच्याकडे सहा माणसें, शिवाय रोज मोटार धुणें. पट्टी मात्र दोघांची सारखी. हाच हिशेब मुलांना शिकवतां काय?" आम्हीं उपविधींकडे बोट दाखविलें. उत्तर नियमाला धरून होतें, न्यायाला धरून नव्हतें. आणि त्या नियमाचा लाभ आम्हांसच होत होता, हें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं. पुढें घरोघर मीटर लावण्याची सूचना आम्हीं सभेंत मांडली. जुन्या इमारतींत एकाच घरांत तीन-चार निरनिराळ्या नळांतून पाणी उतरतें, प्रत्येकास मीटर कोठून लावणार, या आक्षेपानें ती पडली. आक्षेप खोटा नव्हता. तथापि तो ऐकून सभेंतील पुष्कळांना हायसें वाटलें, त्यांत आम्हीहि होतों.

फाटकाबाहेर पाहिलें तर हिशेब अधिकच अवघड होतो. नळच नसलेल्या वस्तींतला मनुष्य कॅनचें पाणी आमच्या कितीतरी पट दरानें घेतो. वस्ती अनधिकृत असली तरी तींतील माणसांना पाणी नाकारतां येत नाहीं, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें डिसेंबर २०१४ मध्यें दिला. आणि तानसा व भातसा हीं धरणें ज्या शहापूर तालुक्यांत आहेत, तेथील कित्येक आदिवासी पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत बसतात. त्यांच्या त्यागाची रक्कम आमच्या बिलाच्या कोणत्याच रकान्यांत नसते.

१९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनीं प्रश्न विचारला होता, पाणी कोणाचें? त्याचें उत्तर आपण निदान कायद्यांत तरी दिलें आहे. पाण्याचा भार कोणाचा, हा त्याचाच धाकटा भाऊ अजून दाराशीं उभा आहे. आमच्यापुरतें म्हणाल, तर मोटार आतां ओल्या फडक्यानें पुसली जाते. एवढ्यानें त्या बाईंच्या प्रश्नाचें उत्तर झालें असें आम्ही मानीत नाहीं. फक्त जिन्यांत त्यांना चुकवून जाण्याचें आम्हीं सोडलें आहे.