व्याज निषिद्ध आहे. मग कर्ज कोणी द्यावे?

व्याज निषिद्ध आहे, याविषयी श्रद्धावंताच्या मनात शंका असू शकत नाही. सूरह अल्-बकरहमध्ये व्याज न सोडणाऱ्यांना अल्लाह आणि त्याच्या प्रेषितांकडून युद्धाचा इशारा देण्यात आला आहे. परंतु या इशाऱ्याला लागूनच असलेली २८० वी आयत आपल्या मिंबरावरून क्वचितच ऐकू येते. कर्जदार अडचणीत असेल तर त्याची स्थिती सुधारेपर्यंत त्याला सवड द्यावी आणि कर्ज माफच केले तर ते अधिक चांगले, असा तिचा आशय आहे. आपण अर्धाच आदेश सांगतो आहोत काय?

एका भगिनीमुळे हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. जुम्याच्या खुत्ब्यात मी व्याजाचा विषय मांडला होता. सायंकाळी मोहल्ल्यातील एक विधवा घरी आली. शिलाई मशीनसाठी तिने महिला गटातून फायनान्स कंपनीचे कर्ज घेतले होते. ती म्हणाली, “मौलानासाहेब, तुम्ही सांगितलं ते खरंच आहे. पण आधी मी आपल्याच दोन मोठ्या माणसांकडं गेले होते. त्यांनी दुआ दिली. पैसे फायनान्सवाल्यानं दिले.” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

या लघुकर्जाच्या मुळाशी एक चांगला विचार होता, हे मान्य केले पाहिजे. १९७६ साली बांगलादेशातील जोब्रा या खेड्यात प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी ४२ गरिबांना स्वतःच्या खिशातून मिळून ८५६ टका दिले. एवढ्याशा रकमेसाठी ती माणसे सावकाराच्या मुठीत अडकली होती. गरीब माणूस विश्वासास पात्र असतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक स्थापन झाली. तारणाशिवाय कर्ज देण्याची ही पद्धत देशोदेशी पसरली. मात्र तिच्यासोबत व्याजही गेले, आणि अनेक ठिकाणी नफ्याची ओढही.

आपल्या देशात गटातील स्त्रिया परस्परांच्या जामीन असतात. एकीचा हप्ता चुकला की उरलेल्यांनी तो भरायचा. त्यामुळे वसुलीसाठी कंपनीचा माणूस येण्याआधी शेजारीणच दारात उभी राहते. जिच्या हक्कांविषयी इस्लामने इतकी ताकीद दिली, त्या शेजारणीलाच येथे वसुलीदार केले जाते. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि तेथील शासनाला अध्यादेश काढावा लागला. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुरते मर्यादित केले आहेत. कायदा हप्त्याला मर्यादा घालू शकतो. अडलेल्याला सवड देण्याची वृत्ती मात्र तो निर्माण करू शकत नाही.

येथे एक प्रसिद्ध हदीस आठवते. प्रेषितांसमोर (स.) एक जनाजा आणला गेला. मृतावर तीन दीनार कर्ज होते आणि ते फेडण्यासारखे त्याने मागे काही ठेवले नव्हते. प्रेषितांनी (स.) स्वतः नमाज पढविण्यास नकार दिला. तेव्हा अबू कतादा (रजि.) पुढे आले, ते कर्ज त्यांनी आपल्या शिरावर घेतले आणि मग प्रेषितांनी (स.) नमाज पढविली. पुढे विजयांमुळे संपत्ती आली, तेव्हा कर्जात मरण पावलेल्या श्रद्धावंतांचे कर्ज फेडण्याची जबाबदारी प्रेषितांनी (स.) स्वतःवर घेतली.

या प्रसंगातील नकार आपण जपला आहे, अबू कतादा (रजि.) मात्र हरवले आहेत. ते स्वेच्छेने जामीन झाले. गटातील शेजारीण जामीन होते ती स्वतःलाही कर्ज हवे असते म्हणून. एका जामिनकीत बंधुभाव आहे, दुसरीत लाचारी.

त्या भगिनीच्या व्यवहाराला मी वैध म्हणू शकत नाही. पण हिशेबाच्या दिवशी केवळ तिलाच विचारले जाईल, असे मानण्याचे धाडसही मला होत नाही. ज्याच्यापाशी देण्याजोगे होते आणि ज्याने अडलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठविले, त्यालाही उत्तर द्यावे लागेल. जनाजाची नमाज फर्ज-ए-किफाया आहे. कोणीच पढली नाही तर सारी वस्ती दोषी ठरते. वस्तीतील अडलेल्याला व्याजाच्या दारी जाऊ न देणे, ही जबाबदारीही त्याहून हलकी मानू नये.

मार्ग नाही असे नाही. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जबाजारी माणसांचा स्पष्ट उल्लेख आहे. २००१ मध्ये लाहोर येथे डॉ. अमजद साकिब यांनी सुरू केलेली अखूवत ही संस्था बिनव्याजी कर्ज देते आणि त्याचे वाटप मशिदींतूनही करते. त्यामुळे कार्यालयाचा खर्च वाचतो. आपल्या मशिदीतही कर्ज-ए-हसनाचा लहानसा निधी उभा राहू शकतो. व्यवहार लेखी असावा, साक्षीदार असावेत. हा तर कुरआनचाच आदेश आहे. ऐपत असून परतफेड लांबविणाऱ्याला तो जुलूम आहे हे सांगावे आणि खरोखर अडलेल्याला सवड द्यावी.

पुढच्या जुम्याला मी २८० वी आयत घेतली. नमाजनंतर त्या दोघांपैकी एक गृहस्थ थांबले आणि त्या भगिनीचे किती हप्ते उरले आहेत, एवढेच त्यांनी विचारले. अल्लाह आपल्या सर्वांना असा प्रश्न वेळेवर विचारण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.